पूलचा वाळूचा फिल्टर : बॅकवॉश कधी आणि कसा मारायचा

बॅकवॉश म्हणजे वाळूतून पाणी उलट्या दिशेने सोडून अडकलेला मळ बाहेर काढणं. ‘दर रविवारी बॅकवॉश मारायचा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मग फिल्टरवर प्रेशर गेज कशाला बसवलंय? पंप चालू असताना स्वच्छ फिल्टरचा काटा जिथे थांबतो, तो आकडा मार्करने टाकीवरच लिहून ठेवा. काटा त्याच्या वर ८ ते १० पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) चढला की बॅकवॉश. तोवर फिल्टरला हात लावू नका. वाळूत बसलेला थोडा मळ उलट बारीक कचरा धरायला मदतच करतो. सारखी धुतलेली वाळू तो सोडून देते. शिवाय एका बॅकवॉशला शेकडो लिटर पाणी जातं. मे महिन्यात अलिबाग-कर्जतकडे टँकर मागवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पंप बंद केल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर आधी गेज बदला. स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) आणि पंपाची जाळी साफ करा, हे अर्थातच.

आता मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच हँडलने पाण्याची वाट बदलणारा फिल्टरवरचा व्हॉल्व्ह. माझं सगळ्यात जास्त डोकं यानेच खाल्लंय, आणि फिल्टरची वाट लागते तीही इथेच. पंप चालू असताना हँडल फिरवायचं नाही. ‘एक सेकंदात होतं साहेब’ म्हणणारा केअरटेकर असेल तर त्याला समोर उभं करून दाखवा : पंप बंद, काटा शून्यावर, हँडल पूर्ण खाली दाबायचं, फिरवायचं आणि खाचेत नीट बसू द्यायचं. व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं रबर असतं, त्याला स्पायडर गॅस्केट म्हणतात. पाण्याच्या दाबाखाली हँडल फिरवलं की ते जागचं उचकटतं किंवा फाटतं. मग हँडल ‘फिल्टर’वर असूनही पाणी गुपचूप वेस्ट लाइनमधून, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपातून, वाहत राहतं. पूलची पातळी उतरते, सगळे टाइल्सवर संशय घेतात आणि वॉटरप्रूफिंगवाला येऊन मोठं कोटेशन देऊन जातो. त्याला बोलावण्याआधी पंप चालू ठेवून वेस्ट पाइपचं तोंड बघा. तिथे धार दिसली तर काम गॅस्केटचं आहे, टाइल्सचं नाही.

हँडल ‘बॅकवॉश’वर आलं की पंप सुरू करून व्हॉल्व्हवरच्या काचेच्या वाटीकडे बघत राहा. आधी मातकट पाणी येतं, मग नितळ होतं, आणि बऱ्याचदा पुन्हा गढुळतं. पहिल्या नितळ पाण्याला भुलून पंप बंद करू नका. साधारण दोन-तीन मिनिटं लागतात. हे क्लोरीनचं पाणी झाडांच्या मुळाशी किंवा विहिरीकडे जाऊ देऊ नका.

त्यानंतर रिन्स, म्हणजे पाणी वाळूतून सरळ दिशेने सोडून पूलऐवजी बाहेर काढणं. ही पायरी निम्मे लोक गाळतात आणि मग इनलेटमधून मळाचा ढग पूलमध्ये आला की केमिकलवाल्याला शिव्या घालतात. पंप बंद, हँडल ‘रिन्स’वर, अर्धा ते एक मिनिट, पुन्हा पंप बंद, मग ‘फिल्टर’. काटा मार्करच्या आकड्याजवळ आला पाहिजे. बोअरवेलचं जड पाणी वापरत असाल आणि काटा खाली येतच नसेल तर वाळूच्या ढेपा झाल्यात. पूलच्या तळाशी वाळू दिसू लागली तर टाकीच्या बुडातला एखादा लॅटरल (गाळलेलं पाणी गोळा करणारा बारीक चिरांचा पाइप) तुटलाय, तो आधी बघा.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की हात तुरटीकडे जातो. जाऊ द्या, पण ते पाणी फिल्टरमधून फिरवू नका. भरपूर तुरटी वाळूत अडकली की ती चिकटून बसते. हँडल ‘रीसर्क्युलेट’वर (यात पाणी वाळूला वगळून फिरतं) ठेवून तुरटी मिसळा, पंप बंद करा, रात्रभर गाळ बसू द्या आणि सकाळी ‘वेस्ट’वर ठेवून व्हॅक्यूमने खेचून टाका. पाण्याची पातळी उतरेल, तेवढं सोसायचं.

वाळू साधारण पाच-सात वर्षांनी बदलावी. बांधकामाची नको, ०.४५ ते ०.५५ मिमीची फिल्टरची सिलिका वाळू घ्या. आधी टाकी अर्धी पाण्याने भरा, म्हणजे पडणाऱ्या वाळूने लॅटरल मोडत नाहीत, आणि व्हॉल्व्ह वर बसणारा असेल तर मधल्या उभ्या पाइपाचं तोंड प्लॅस्टिकने घट्ट बांधा. नव्या वाळूत धूळ असतेच, त्यामुळे ‘फिल्टर’वर जाण्याआधी एक बॅकवॉश आणि एक रिन्स.