लेपर्ड टॉर्टॉइज: खाण्यात आणि घरात होणाऱ्या या चुका टाळा

कासव आफ्रिकेतले, म्हणजे त्याला कोरडे आणि तापलेले घर लागणार. कासव शाकाहारी, म्हणजे घरातली कुठलीही भाजी चालणार. लेपर्ड टॉर्टॉइजच्या बाबतीत बहुतेक गोंधळ या दोन समजुतींतून होतो. हे कासव (शास्त्रीय नाव स्टिग्मोकेलिस पार्डालिस) वाळवंटातले नाही. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गवताळ माळरानांवर ते गुरासारखे दिवसभर चरत हिंडते. पूर्ण वाढीचे कासव साधारण 30 ते 45 सेंमी लांब होते, 15-20 किलोंपर्यंत भरते आणि सहज 50 वर्षांहून जास्त जगते. ते शीतनिद्रा घेत नाही आणि स्वतः खोल बीळही खणत नाही. त्यामुळे थंडी, ऊन किंवा कोरडेपणा यांतून त्याला स्वतःला वाचवता येत नाही, ते काम पाळणाऱ्याचे. चूक झाली तरी ते महिनोन्‌महिने तक्रार करत नाही, हीच खरी अडचण. कवचावर ती उमटते तोवर दुरुस्तीची वेळ गेलेली असते.

पिल्लाला कोरडे ठेवणे

कवचावरचे खवले सुळक्यांसारखे वर येतात, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. बरीच वर्षे याचे खापर प्रथिनांवर फोडले जायचे. पण 2003 मध्ये सुलकाटा या जवळच्या जातीवर झालेल्या अभ्यासात प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम जास्त दिसला. वाढणाऱ्या खवल्याच्या कडेला नवे केराटिन (आपल्या नखांत असतो तो कठीण पदार्थ) तयार होत असताना ते वाळले, की आडवे पसरण्याऐवजी खाली दाबले जाते आणि जुना खवला उचलला जातो. एकदा आलेला सुळका परत बसत नाही. परिस्थिती सुधारली तर पुढची वाढ तेवढी सपाट होते.

वर उघडा ट्रे आणि त्यावर दिवा, ही नेहमीची मांडणी पिल्लासाठी सगळ्यात वाईट. दिव्याची गरम हवा वर निघून जाते आणि ओलावा सोबत नेते. दिवसातून चारदा फवारा मारूनही तासाभरात आर्द्रता पुन्हा 40 टक्क्यांवर येते. पहिली दोन वर्षे वरून आणि बाजूंनी बंद असलेली पेटीच वापरावी. आत 80 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, आणि रात्रीसुद्धा तापमान 26-27 अंश सेल्सिअसच्या खाली जाता कामा नये.

सुरुवातीला 120 × 60 सेंमीची पेटी पुरते. तिच्यात 10 सेंमी जाडीचा थर द्यायचा तर सुमारे 72 लिटर माल लागतो. खाली कोकोपीट आणि वर 2-3 सेंमी झाडाच्या सालीचे तुकडे. पाणी वरून शिंपडू नये, चारही कोपऱ्यांत थोडे थोडे ओतावे. ते खालच्या थरात पसरते आणि वरचा थर कोरडा राहतो. मूठभर कोकोपीट दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतपत ओल बरोबर. वरचा थरच चिखल झाला तर पोटाकडचे कवच सडू लागते. वाळू, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि पाइन किंवा सिडरचा भुसा यांपैकी काहीही वापरू नये. वाळू खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडे तुंबवते, आणि सिडरच्या तेलांचा श्वसनमार्गाला त्रास होतो.

अंघोळ टाळणे, किंवा उरकून टाकणे

पाण्याचे भांडे आहे म्हणून पिल्लू पाणी पिते असे धरून चालू नका. वर्षभरापर्यंतच्या पिल्लाला रोज, आणि मोठ्या कासवाला आठवड्यातून एक-दोनदा पाण्यात बसवावे. पाणी 30-32 अंशांचे, म्हणजे मनगटावर जेमतेम कोमट लागेल असे. खोली इतकीच, की वरचे आणि खालचे कवच बाजूने जोडणारी पट्टी बुडेल आणि हनुवटी सहज पाण्याबाहेर राहील. वेळ 20 मिनिटे. भांड्याच्या भिंती उंच आणि अपारदर्शक हव्यात. पारदर्शक डब्यात ते भिंतीला धडका देत बसते आणि पाणी प्यायचे राहून जाते. पाणी मध्येच गार पडले तर बदलावे.

अंघोळीत बहुधा शी-शू होते, आणि तीच खरी तपासणी. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग म्हणजे यूरेट. तो चिमटीत घेऊन चोळून पाहावा (हात नंतर साबणाने धुवावेतच, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो). टूथपेस्टसारखा मऊ असेल तर पाणी पुरते आहे. रवाळ, खरखरीत लागला तर कासव तहानलेले आहे. हे असेच चालू राहिले तर मूत्राशयात खडा होतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

पेटीतले पाण्याचे भांडे कुंडीखालच्या मातीच्या बशीसारखे उथळ असावे आणि जमिनीच्या पातळीत पुरलेले असावे. खोल, गुळगुळीत वाडग्यात पिल्लू उलटे पडून बुडते.

मोठ्या कासवाला ओल आणि गारठा एकत्र

पिल्लाचे नियम मोठ्याला लावले तर उलटा घोळ होतो. ओल आणि ऊब एकत्र असली तर बिघडत नाही. ओल आणि गारठा एकत्र आले की न्यूमोनिया. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणे, श्वासागणिक मान पुढे ताणणे किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येणे ही त्याची लक्षणे. कासवाला खोकता येत नाही, त्यामुळे फुफ्फुसात साठलेले बाहेर पडत नाही. अशा वेळी दिवसरात्र 29-30 अंश राखून लगेच सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे. घरगुती थेंब घालत बसू नये.

अंगणात राहणाऱ्या मोठ्या कासवाला रात्रीसाठी उबदार खोपटे लागतेच. एका कासवाला 120 × 120 सेंमीचा तळ आणि 60 सेंमी उंची पुरते. दोन प्लायवूडच्या मध्ये 4 सेंमीचा फोम, तळाखालीसुद्धा तसाच. दाराला रबराच्या जाड पट्ट्यांचा पडदा. आत तेलाचा लहान रेडिएटर आणि त्याच्यापुढे कासव टेकणार नाही असा लाकडी कठडा. थर्मोस्टॅटचा सेन्सर छताशी लावला तर वर 27 अंश आणि खाली 19 अशी गत होते. तो कवचाच्या उंचीवर, कासव ओढून काढणार नाही असा जाळीआड बसवावा. रात्रीचे तापमान 21 च्या खाली जाऊ देऊ नये. खोपटे रिकामे असताना, किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर ठेवून, चार गार रात्री चालवून पाहावे आणि मगच कासव आत ठेवावे.

ते आपणहून आत जाईल या भरवशावर राहू नका. काही कासवे शिकतात, काही झुडपाखालीच झोपतात. संध्याकाळी उचलून आत ठेवणे आणि दार लावणे हे पहिले काही आठवडे तरी रोजचे काम.

चुकीच्या ठिकाणी मोजलेली उष्णता

ऊन शेकण्याच्या जागी 35 ते 38 अंश हवेत, हे बहुतेकांना माहीत असते. मोजमाप मात्र जमिनीवर होते. मोठ्या कासवाची पाठ जमिनीपासून 20-25 सेंमी उंच, म्हणजे दिव्याच्या तेवढीच जवळ. जमीन 36 दाखवत असताना पाठीचा माथा भाजून निघतो आणि कासव हलत नाही, कारण त्याचे पोट अजून गार असते. तापमान मोजायची गन कवचाच्या माथ्यावर धरा. अरुंद झोताच्या दिव्याऐवजी रुंद झोताचा फ्लड दिवा लावा आणि उष्णता दिव्याची उंची बदलून जुळवा. सिरॅमिक हीटर पिल्लाच्या पेटीत रात्रीसाठी थर्मोस्टॅटवर ठीक. मोठ्या कासवाच्या पाठीवर टांगू नये. तापणारे कृत्रिम दगड तर वापरूच नयेत, पोटाकडचे कवच भाजते. रात्रीचे लाल दिवेही नकोत, त्याला तो उजेड दिसतो आणि झोप मोडते.

काचेतून आलेले ऊन

खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) जवळजवळ नसते. यूव्हीबी नसेल तर त्वचेत डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून शोषले जात नाही. कवच मऊ पडते, पाय फरपटतात. घरात ठेवलेल्या कासवाला 10-12 टक्के यूव्हीबीची लांब टी-5 (बारीक जाडीची) ट्यूब, रिफ्लेक्टरसह, कवचापासून 40-45 सेंमीवर, रोज 12 तास. मध्ये जाळी असेल तर बराच प्रकाश तिथेच अडतो. यूव्ही निर्देशांक मोजायचा मीटर असेल तर शेकण्याच्या जागी 3 ते 4 मिळावा आणि सावलीत जवळपास शून्य. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षे लख्ख जळते, पण तिचे यूव्हीबी आधीच घटलेले असते. म्हणून वर्षाला बदलावी आणि तारीख ट्यूबच्या टोकावर मार्करने लिहावी. गुंडाळीच्या आकाराचे छोटे दिवे टाळावेत, त्यांतल्या काहींनी डोळे सुजतात.

खऱ्या उन्हाची सर कशालाच नाही. मात्र पिल्लाला काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून उन्हात नेऊ नका. तो डबा काही मिनिटांत भट्टी होतो.

भाजीवर वाढवलेले कासव

लेपर्ड टॉर्टॉइजच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव तंतू आंबवून पचवतात. ती व्यवस्था गवतासाठी आहे. मोठ्या कासवाच्या खाण्यात तीन-चतुर्थांश वाटा ताज्या आणि वाळलेल्या गवताचा असावा. हरळी उत्तम. उरलेल्यात तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले फड, डँडेलियन, एन्डाइव्ह. गवत न मिळणाऱ्या दिवसांसाठी कासवांचे तंतुमय पेलेट भिजवून आठवड्यातून एक-दोनदा देता येतात.

पालक, बीटची पाने आणि चार्ड यांत ऑक्झॅलेट जास्त असते आणि ते कॅल्शियम बांधून टाकते. कोबीवर्गातल्या भाज्या कधीतरी चालतात, रोज दिल्या तर थायरॉइडला जड जातात. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे पानाच्या रूपातले पाणी. डाळी, मोड आलेली कडधान्ये, भात, पोळी, पाव यांत फॉस्फरस आणि पिष्ट. कुत्र्या-मांजराचे खाणे तर मूत्रपिंडांवर घाव. फळांबद्दल मात्र मन घट्ट करायलाच हवे. केळ्यावर कासव ज्या वेगाने येते तो पाहून देणाऱ्याला आनंद होतो, पण त्या साखरेने आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचा तोल बिघडतो, शी पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी ते गवताकडे पाठ फिरवते.

भाजीला सोकावलेले कासव गवत खात नाही, तेव्हा उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. हरळी कात्रीने 1 सेंमीएवढी बारीक कापा, आवडत्या पानांत साधारण दहावा हिस्सा मिसळा, पाण्याचा हात लावून कालवा म्हणजे पानाबरोबर गवत चिकटून तोंडात जाते. दर आठवड्याला गवत थोडे वाढवा. दोन-तीन महिने धरून चला. पिल्लांनाही असेच बारीक गवत द्यावे, लांब पाते त्यांना तोडता येत नाही. वाळलेले गवत ती खातच नाहीत, त्याची काळजी नको.

खाणे सपाट, खडबडीत फरशीवर वाढा. चोच आपोआप झिजते आणि माती पोटात जात नाही. पाने कुठून तोडली आणि तिथे फवारणी झाली का, हे माहीत असलेच पाहिजे. कण्हेर, घाणेरी, एरंड आणि डायफेनबाखिया ही झाडे कासवाच्या कुंपणात असूच नयेत.

पावडरी आणि औषधे

फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर, आणि समुद्रफेसाचा एक तुकडा कायम कोपऱ्यात. डी-3 असलेली पावडर फक्त घरात राहणाऱ्या कासवाला, आठवड्यातून एकदाच. जास्त झाली तर अवयवांत कॅल्शियम साचते. डोळे सुजले की अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मागायची पद्धत आहे. हिरवा पाला खाणाऱ्या कासवात त्याची उणीव क्वचितच असते, सुजेचे कारण बहुतेकदा तहान, धूळ किंवा दिवा हे असते. आणि मात्रा चुकली तर कातडी सोलून निघते.

आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे नेहमीचे औषध कासवाला कधीही देऊ नये. इतर प्राण्यांना सोसणारी मात्राही कासवाला लुळे पाडून मारू शकते. जंताची शंका असेल तर ताजी शी तपासून घ्यावी आणि औषध डॉक्टरांनीच ठरवावे.

जोडी आणि कुंपण

एकटे कंटाळेल म्हणून दुसरे आणणे ही माणसाची कल्पना. दोघांत एक दबतेच. मारामारी दिसेलच असे नाही. एक सतत दुसऱ्याच्या वाटेत बसते, त्याच्या खाण्यावर चढते, आणि दबलेले कोपऱ्यात झोपून राहते. दर आठवड्याला वजन घेतले तर हे लवकर कळते. दुसऱ्या जातीचे कासव तर मुळीच सोबत ठेवू नये. एका जातीने सहज वागवलेला जंतू दुसरीला मारतो.

मोठ्या कासवाला किमान 3 × 6 मीटर जागा द्यावी. भिंत 45-60 सेंमी उंच आणि आरपार न दिसणारी असावी. जाळीतून पलीकडचे दिसले की ते दिवसभर तिथेच डोके घासते. कोपऱ्यात चढता येतील असे दगड ठेवू नका, चढून पाठीवर पडलेले कासव भर उन्हात तासाभरात दगावू शकते. मोठी मादी नराशिवायही अंडी घालते. तिला 30 सेंमी तरी खोल, भुसभुशीत मातीचा कोपरा हवा. खाणे सोडून ती सैरभैर फिरत, जागोजागी मागच्या पायांनी उकरत असेल तर तो आजार असेलच असे नाही, आधी ती जागा द्या. आठवडाभरात अंडी आली नाहीत तर मात्र एक्स-रे काढून घ्या.