‘चंद्रावर माणूस गेलाच नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालताना या चुका टाळा

गणपतीत आरती-प्रसाद उरकला की इंदुरातल्या ओटल्यांवर गप्पा रंगतात आणि कुणी काका किंवा शेजारचे एखादे भिया विषय काढतातच: “ते चंद्रावर उतरणं वगैरे सगळं स्टुडिओतलं.” विज्ञान शिकलेली तीन-चार मुलं तावातावानं तुटून पडतात आणि अर्ध्या तासानं काकांचं मत पहिल्यापेक्षा पक्कं झालेलं असतं. समोरच्याचा हट्ट हे एक कारण असतंच, पण मोठं कारण म्हणजे आपण ऐन वेळी पुढे केलेला कच्चा पुरावा. खालच्या सगळ्या चुका म्हणूनच आपल्या बाजूच्या आहेत.

मूळ आकडेच चुकणं

“एकदाच गेले, मग परत का नाही गेले?” या प्रश्नावर बरेच जण गप्प बसतात, कारण त्यांनाही एकच मोहीम माहीत असते. माणसं सहा वेळा उतरली: अपोलो ११, १२, १४, १५, १६ आणि १७. एकूण १२ जण चंद्रावर चालले, शेवटचे डिसेंबर १९७२ मध्ये. अपोलो १३ वाटेतल्या बिघाडामुळे न उतरता परतलं. तारखेचाही घोळ होतो. अमेरिकेत २० जुलै १९६९ होती. भारतात यान उतरलं तेव्हा २१ जुलैची मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते आणि आर्मस्ट्राँगचं पाऊल सकाळी साडेआठच्या सुमारास पडलं. घरातले आजोबा “आम्ही सकाळी रेडिओवर ऐकलं” म्हणाले तर ते बरोबर असू शकतं, त्यांना खोडू नका.

एका दमात दहा मुद्द्यांवर धावणं

झेंड्याचं उत्तर अर्धवट असतानाच समोरून सावल्या येतात, सावल्यांवर बोलेपर्यंत किरणोत्सर्ग. यात तुमची दमछाक होते आणि एकही मुद्दा तडीस जात नाही. बोलणं सुरू करण्याआधी विचारा, “काका, तुम्हाला सगळ्यात जास्त खटकणारी एकच गोष्ट कोणती?” ती कागदावर लिहा. मग विचारा, “याचं समाधान झालं तर तुमचं मत थोडं तरी हलेल का?” उत्तर ‘नाही’ असेल तर त्या मुद्द्यावर वेळ घालवू नका, खरी शंका दुसरीकडे आहे, ती काढून घ्या. पुष्कळदा ती अमेरिकेवरच्या अविश्वासाची असते, आणि तिला तांत्रिक उत्तर चालत नाही.

हे बोलणं घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करू नका. तिथं तीस नातेवाईक बघत असताना वडीलधारा माणूस माघार घेणार नाही. समोरासमोर, दोघांतच बोला.

‘फोटोत तारे का नाहीत’ याचं नुसतं तोंडी उत्तर देणं

“एक्स्पोजरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यात फार थोडा प्रकाश घेतल्यामुळे, दिसत नाहीत” हे उत्तर बरोबर आहे, पण कॅमेरा न वापरणाऱ्याला ती पळवाट वाटते. हा प्रयोग गच्चीवर दहा मिनिटांत होतो, म्हणून तो करूनच दाखवावा.

पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवसांत, चंद्र बऱ्यापैकी वर आल्यावर मोबाइल छोट्या ट्रायपॉडवर लावा. कॅमेऱ्याचा प्रो मोड उघडा. नाइट मोड आणि सीन ओळखणारी सुविधा आधी बंद करा. काही फोन चंद्र ओळखून स्वतःच त्यावर डाग ‘सुधारून’ काढतात आणि मग सगळा प्रयोगच संशयास्पद होतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ५० किंवा १००, शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/२००० सेकंद ठेवा. चंद्र लहान पण स्वच्छ, करड्या डागांसकट येईल आणि भोवतीचं आभाळ कोरं काळं. चंद्र फटफटीत आला तर शटर १/४००० करा, अंधुक आला तर १/१०००. आता फोन न हलवता आयएसओ १६०० आणि शटर ८ ते १० सेकंद करा, आणि बटण दाबताना फोन हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. तारे उमटतील, पण चंद्राचा पांढरा गोळा होईल. शहराच्या उजेडात आभाळ पिवळट आलं तर आयएसओ ८०० वर आणा.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून सांगा की आपण टिपलेला चंद्र म्हणजे उन्हात पडलेली जमीनच आहे, आणि अंतराळवीर त्याच उन्हातल्या जमिनीवर उभे राहून फोटो काढत होते. त्यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याचं शटर साधारण १/२५० सेकंदावर आणि छिद्र एफ ५.६ ते एफ ११ वर असे. एवढ्या वेळात ताऱ्यांचा प्रकाश फिल्मवर उमटतच नाही. इथं आणखी एक चूक होते: “चंद्रावरून तारे कधीच टिपले नाहीत” असं बोलून जाणं. अपोलो १६ नं १९७२ मध्ये अतिनील किरणांचा खास कॅमेरा नेला होता, त्यात तारे आहेत.

सावल्यांवर ‘दिशा सारखीच आहे’ म्हणणं

फोटोत सावल्यांची दिशा वेगवेगळी दिसते हे खरं आहे. ते नाकारलंत की तिथंच विश्वास गेला. कारण दाखवायला थंडीतली सकाळ निवडा. सूर्योदयानंतर पाऊण तासानं ऊन साधारण १० अंशांवर असतं. अपोलो ११ उतरलं तेव्हाही तिथं सूर्य जवळपास एवढाच वर होता. चिमणबाग किंवा कुठल्याही मोकळ्या मैदानावर एक मीटरच्या दोन काठ्या उभ्या करा. सावली साडेपाच मीटरांच्या पुढे जाईल. एक काठी सपाट जागेवर आणि दुसरी अशी की तिची सावली वीतभर खोल खळग्यातून तिरकी जाईल. ती सावली वाकते, आखडते, दिशा बदलल्यासारखी दिसते. मग मोबाइलच्या ०.५ एक्स लेन्सनं फोटो घ्या. प्रत्यक्षात समांतर असलेल्या सावल्याही फोटोत फाकतात.

रात्री गल्लीतल्या दोन दिव्यांमध्ये काकांना उभं करा आणि सावल्या मोजायला सांगा. दोन दिवे, दोन सावल्या. स्टुडिओत अनेक दिवे असते तर प्रत्येक माणसाच्या अनेक सावल्या पडल्या असत्या. अपोलोच्या फोटोंत प्रत्येकाची एकच आहे. एकच प्रचंड दिवा असावा, असं कुणी म्हणालं तर पुढे विचारा: त्या दिव्याजवळच्या आणि लांबच्या जमिनीवरचा उजेड सारखा कसा?

‘हवा नाही तर झेंडा फडकतो कसा’ या मुद्द्याला फार वेळ देऊ नका. वरच्या कडेला आडवी नळी होती, अपोलो ११ ची ती नळी पूर्ण उघडली नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या. दांडा जमिनीत फिरवून रोवताना कापड हलतं, आणि थांबवायला हवा नसल्यानं जास्त वेळ हलत राहतं.

आपलेच कच्चे पुरावे

सर्वांत जास्त वाद इथं हरले जातात.

“दुर्बिणीतून झेंडा दिसतो” हे साफ चूक आहे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. २.४ मीटर आरशाच्या हबल दुर्बिणीलाही तिथली साधारण ९० मीटरांपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. यानाचा खाली राहिलेला भाग पाय धरून ९ मीटरांच्या आसपास आहे.

“लेझर मारला की परत येतो, म्हणजे माणूस गेला होता” हे अर्धसत्य आहे. लेझरवर काम करणाऱ्या राजा रामण्णा केंद्रामुळे इंदुरात लेझर जाणणारी माणसं कमी नाहीत. त्यांच्यातलं कुणी लगेच पकडेल. अपोलो ११, १४ आणि १५ नं परावर्तक ठेवले हे बरोबर. पण रशियाच्या लुनोखोद या मानवरहित गाड्यांवरही परावर्तक आहेत, आणि नुसत्या चंद्राच्या पृष्ठभागावरून लेझर परतवण्याचा प्रयोग १९६२ मध्येच झाला होता. म्हणून हा पुरावा एवढ्यापुरताच वापरा: सांगितलेल्या नेमक्या जागी उपकरण आहे. माणसानं ठेवलं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

“चांद्रयान-३ नं अमेरिकेचा झेंडा पाहिला” असं चित्र फॉरवर्डमधून आलं तर पुढे पाठवू नका. चांद्रयान-३ चं विक्रम हे उतरणारं यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिणेला ६९ अंशांच्या आसपास उतरलं; अपोलोच्या सगळ्या जागा विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यात आहेत. त्यातली सर्वांत जवळची, अपोलो १६ ची, तिथून १,८०० किलोमीटरांहून लांब आहे.

“रशियानं मान्य केलं म्हणजे खरं” हेही लंगडं पडतं, कारण ‘दोघं मिळालेले होते’ हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी अँटेनाची गोष्ट सांगा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सची ६४ मीटरची डिश आणि इंग्लंडमधली जॉड्रेल बँक ही रेडिओ वेधशाळा यांनी अपोलो ११ चे सिग्नल घेतले. जॉड्रेल बँक तर त्याच दिवसांत रशियाच्या लूना १५ चाही माग काढत होती, जे २१ जुलैला चंद्रावर आदळलं. एवढी मोठी डिश आकाशाचा अगदी लहान तुकडा ऐकते. सिग्नल पृथ्वीभोवतीच्या जवळच्या कक्षेतून येत असता तर काही मिनिटांत क्षितिजाखाली गेला असता. तो तासन्‌तास चंद्राबरोबर सरकत राहिला.

किरणोत्सर्गाला ‘काही होत नाही’ म्हणणं

व्हॅन अ‍ॅलन पट्टे, म्हणजे पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे, धोकादायक आहेत, हे आधी मान्य करा. मग सांगा की मार्ग पट्ट्यांच्या सर्वांत दाट भागाला वळसा घालून आखला होता आणि सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर होता, त्यामुळे काही तासांतच पट्टे मागे पडले. अपोलो ११ च्या अंतराळवीरांच्या त्वचेवर सरासरी ०.१८ रॅड (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मात्रा पडली, सर्वाधिक अपोलो १४ वर, १.१४ रॅड. थोड्या वेळात ३०० रॅडच्या पुढे गेलं तर जिवावर बेततं. नशिबाचा भागही लपवू नका: ऑगस्ट १९७२ मधलं मोठं सौरवादळ अपोलो १६ आणि १७ च्या मधल्या काळात आलं.

टेपच्या बाबतीतही हीच सचोटी लागते. अपोलो ११ च्या दूरचित्र सिग्नलच्या मूळ टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे नासानं स्वतः सांगितलं आहे. “असं काही झालंच नाही” म्हणू नका. प्रसारणाच्या प्रती, यानातली चित्रफीत, हजारो फोटोंच्या मूळ फिल्म आणि पुढच्या पाच मोहिमांचं साहित्य शिल्लक आहे.

इंजिनाखाली खड्डा का नाही?

इथं लोक गडबडतात, पण गणित सोपं आहे. उतरताना यानाचं वस्तुमान ७ टनांच्या आसपास, चंद्रावर वजन त्याच्या सहावा हिस्सा. तेवढाच जोर इंजिन लावत होतं आणि तो दीड मीटर रुंद तोंडातून पसरत होता. जमिनीवरचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या पंधराव्या हिश्श्याच्या घरात येतो. एवढ्यानं भुसभुशीत धूळ उडते, खालचा घट्ट थर उखडत नाही. उडालेल्या धुळीमुळे यानाभोवतीची जमीन उजळ झाली. अपोलो १५ च्या जागेचा तो उजळपणा जपानच्या कागुया यानानं आणि आपल्या चांद्रयान-१ नंही टिपला.

पक्के पुरावे मागे ठेवणं

“आता का जात नाहीत” याचं उत्तर पैशाचं आहे. १९६६ मध्ये नासाला अमेरिकी सरकारी खर्चाच्या ४ टक्क्यांहून जास्त मिळत होतं, आज अर्ध्या टक्क्याहून कमी. हे सांगून पुढे व्हा आणि थेट दगडांवर या.

अपोलोनं ३८२ किलो दगड-माती आणली. रशियाच्या तीन मानवरहित यानांनी मिळून अर्धा किलोही आणली नाही. या दगडांवर सूक्ष्म उल्कांचे काचेसारखे बारीक खड्डे आहेत, जे हवा असलेल्या पृथ्वीवर पडूच शकत नाहीत. आणि पृथ्वीवरच्या दगडांत खनिजांना चिकटलेलं पाणी असतं, तसं यांत जवळपास नाही. “अंटार्क्टिकातून उल्का गोळा केल्या” असा प्रतिवाद येतो. त्यावर सांगा की चंद्रावरून आलेली उल्का म्हणून पहिली ओळख १९८२ मध्ये पटली, तीही अपोलोच्या दगडांशी ताडून. शिवाय उल्केवर हवेतून येताना वितळलेली साल असते. अपोलोच्या दगडांवर ती नाही.

दुसरं म्हणजे अपोलो १५ ते १७ च्या गाडीची चित्रफीत. आवाज बंद करून फक्त चाकांमागची धूळ बघायला सांगा. ती कमानीसारखी उडते आणि तशीच खाली पडते, मागे ढग रेंगाळत नाही. हवेत बारीक धुळीचं असं होत नाही. बायपासच्या कच्च्या कडेला ट्रक गेला की काय होतं ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

शेवटी इस्रोचा फोटो, कारण नासावर विश्वास नसलेला माणूसही इस्रोचं ऐकतो. चांद्रयान-२ च्या ओएचआरसी या बारीक तपशील टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं अपोलो ११ आणि १२ च्या जागा टिपल्या आहेत. दाखवताना आधी आकार सांगा: या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरच्या साधारण २५ सेंटिमीटरचा, म्हणजे यानाचा पाय सोडून सव्वाचार मीटरांचा खालचा भाग सतरा-एक ठिपक्यांत येतो. त्याच्या शेजारची काळी पट्टी म्हणजे सावली. मग त्याच जागेचा नासाच्या २००९ साली सुटलेल्या एलआरओ यानाचा फोटो शेजारी ठेवा आणि भोवतीचे चार-पाच खड्डे बोटानं जुळवून दाखवा. “झेंडा कुठाय?” असं विचारतील. वरून पाहिल्यावर उभं कापड एका ठिपक्याहूनही बारीक असतं, आणि अपोलो ११ चा झेंडा तर परत निघताना इंजिनाच्या झोतानं पडला, असं त्याच मोहिमेतल्या ऑल्ड्रिननं सांगितलं आहे. बारीक काही पाहायचंच असेल तर एलआरओनं टिपलेल्या अपोलो १२, १६ आणि १७ च्या जागा काढा; तिथल्या झेंड्यांच्या सावल्या सूर्य सरकेल तशा सरकताना दिसतात.