मोठ्या डाउनलोडसाठी आणि अनझिपसाठी डेस्कटॉप कसा जुळवावा: खाऱ्या हवेत राहणाऱ्यांसाठी

गुहागरला एक स्टुडिओवाला मित्र आहे. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मुंबईच्या एडिटरकडून त्याला झिप करून येतात, एकेक फाइल ५०-६० जीबीची. रात्री डाउनलोडला लावायची, सकाळी अनझिप करायला बसायचं आणि बघता बघता दुपार. "दादा, मशीन रखडतंय. आय सेव्हन प्रोसेसर टाकून दे," एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या टेबलापाशी बसून मी विंडोजचा टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला आणि त्याला एक झिप उघडायला लावली. प्रोसेसर ११ टक्के, डिस्क १०० टक्के. कॅबिनेटला कान लावला तर हार्ड डिस्कची किरकिर स्पष्ट ऐकू येत होती. त्याच डिस्कवरून वाचायचं आणि त्याच डिस्कवर लिहायचं, त्यामुळे तिचं वाचणारं-लिहिणारं हेड सारखं इकडून तिकडे पळत होतं. प्रोसेसर तसाच ठेवला, एक एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवली आणि काम झालं.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी टास्क मॅनेजर उघडून अडतंय कुठे ते बघा. या कामात पैसे डिस्कवर आणि विजेच्या बंदोबस्तावर घालायचे असतात. आपल्या किनारपट्टीवर तर विजेचा बंदोबस्त डिस्कच्याही आधी येतो, असं माझं मत झालं आहे.

पहिली पायरी: लाइनचा हिशेब

इंटरनेटवाला वेग सांगतो मेगाबिटमध्ये, फाइल असते मेगाबाइटमध्ये. आठाने भागा. १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची लाइन सेकंदाला १२.५ मेगाबाइट (एमबी) आणते. ६० जीबीची फाइल यायला कमीत कमी ८० मिनिटं. लाइन ४० ची असेल तर सव्वातीन तासांच्या वर.

सेकंदाला १२.५ एमबी लिहिणं जुन्या हार्ड डिस्कलाही जड नाही. नुसत्या डाउनलोडला भारी मशीन लागत नाही ते यामुळेच. अडलंच तर वाटेत अडतं. स्वस्त राउटरचे पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचेच असतात, मग २०० चा प्लॅन घेऊनही हाती १०० च येतात. केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असल्या तरी तेच होतं. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचा राउटर आणि आठही तारा नीट बसवलेली कॅट ६ केबल घेतली की हा प्रश्न मिटतो. आणि वाय-फायच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल चांगलाच अडवतात. पडवीतल्या राउटरपासून माजघरापर्यंत केबल ओढायला एक सकाळ जाईल, पण ती सत्कारणी लागेल.

मदरबोर्डवर गिगाबिट लॅन (नेटची केबल लावायचं पोर्ट) असतंच, तेवढं पुरे. २.५ गिगाबिटसाठी जास्त पैसे मोजू नका.

दुसरी पायरी: डिस्क. इथे हात आखडू नका

७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे घेणारी) हार्ड डिस्क एकच मोठी फाइल सलग लिहिताना सेकंदाला १५० ते २०० एमबी देते. हजारो बारीक फाइल्स आल्या की तीच डिस्क एक-दोन एमबीपर्यंत खाली येते. साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) साधारण ५५० एमबी देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी एसएसडी) ३५०० पर्यंत आणि चौथ्या पिढीची ७००० च्या आसपास. बारीक फाइल्सना एसएसडी हार्ड डिस्कसारखी अडखळत नाही, आणि अनझिप करताना बारीक फाइल्सच जास्त असतात.

मी मांडणी अशी करतो. १ टीबीची एनव्हीएमई, तिच्यावर विंडोज आणि अनझिप करायची जागा. सोबत ४ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यावर डाउनलोड आणि जुना साठा. फाइल हार्ड डिस्कवर येते आणि अनझिप होते एसएसडीवर. एक डिस्क फक्त वाचते, दुसरी फक्त लिहिते. माझ्या मित्राच्या मशीनमध्ये मी एवढंच केलं.

एसएसडी घेताना खोक्यावरच्या वेगाला भुलू नका, आतली चिप टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट, स्वस्त पण लिहायला संथ) ते विचारा. डिस्क आलेला माल आधी आपल्या वेगवान कॅशमध्ये ठेवते आणि मग सावकाश आत रिचवते. कॅश भरली की क्यूएलसी डिस्कचा वेग पार कोसळतो, कधी कधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. ६० जीबी एका दमात लिहिणाऱ्याला हा फटका रोज बसणार. डिस्क गच्च भरली तर कॅशही लहान होते, तेव्हा पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवा.

"रोज एवढं लिहून एसएसडी झिजणार नाही का?" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कवर ६०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत ६०० टीबी लिहून होईपर्यंत कंपनीची हमी. रोज २०० जीबी लिहिलं तरी ३००० दिवस होतात, म्हणजे आठ वर्षांच्या वर.

हार्ड डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असलेली) आहे ना, याची खात्री करा. एसएमआर प्रकारात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसतं साठवून ठेवायला ती चालेल, रोजच्या उलाढालीला नको.

तिसरी पायरी: प्रोसेसर आणि रॅम

फोटो-व्हिडिओची झिप ही खरं तर गाठोडी असते. जेपीईजी मुळातच आवळलेलं असतं, झिपमध्ये ते आणखी फारसं आवळलं जात नाही, त्यामुळे प्रोसेसरला काम थोडं. सेव्हन-झिपच्या (फाइल आवळणारं-उघडणारं फुकटचं सॉफ्टवेअर) किंवा आरएआरच्या घट्ट आवळलेल्या फाइलची गोष्ट वेगळी. तिथे प्रोसेसरचा कस लागतो आणि काम बहुतेक वेळा एक-दोन कोअरवरच (प्रोसेसरच्या आतले स्वतंत्र कामगार) पडतं. १२ थ्रेडच्या (एका वेळी १२ कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरलेला असेल तर टास्क मॅनेजर ८ टक्के दाखवतो. माणसाला वाटतं प्रोसेसर रिकामा बसलाय. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरची मांडणी उघडा, खरं चित्र दिसेल.

तेव्हा कोअर मोजत बसण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग बघा. इंटेलच्या आय थ्री १२१०० चे चार कोअरही या कामाला पुरतात. आय फाइव्ह १२४०० घेतला तर सहा कोअर मिळतात आणि एडिटिंगही उरकतं. नावापुढे 'एफ' नको, त्यात पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स नसतं. एएमडीकडे रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे पण एल थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी. नुसत्या ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. सेव्हन-झिपला मोठी कॅश मानवते. तरीही कार्ड आधीपासून घरात नसेल तर मी ५६००जी च घेईन.

रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन कांड्या. एकच १६ ची लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो.

एक युक्ती फुकटची आहे. सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइल माउसने ओढून बाहेर टाकू नका. तसं केलं की ती बऱ्याचदा आधी सी ड्राइव्हच्या टेंप फोल्डरमध्ये अनझिप होते आणि तिथून पुन्हा कॉपी होते, एकच काम दोनदा. एक्स्ट्रॅक्ट बटण दाबून जागा निवडा. त्याआधी टेस्टचं बटण दाबून फाइल पूर्ण आली आहे का ते तपासा.

चौथी पायरी: वीज

मृगाच्या पहिल्या पावसात ७० जीबीची फाइल ९० टक्के अनझिप झाली असताना माझ्या घरी लाईट गेली. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर बहुतेक वेळा तिथून पुढे चालू होतं, अनझिप तसं होत नाही. मी पुन्हा लावताना 'आहेत त्या फाइल्स सोडून दे' हा पर्याय निवडला. लाईट जाताना अर्धवट लिहिली गेलेली एक व्हिडिओ फाइल तशीच राहिली, आणि कळलं ते गिऱ्हाइकासमोर. तेव्हापासून मी अर्धवट फोल्डर पूर्ण पुसतो आणि पहिल्यापासून लावतो.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन मॉनिटरसकट १०० वॅटच्या आतबाहेर खातं, तेव्हा नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो. यूएसबी पोर्ट असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, बॅटरी उतरली की विंडोज स्वतःहून बंद होतं. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला जो क्षण लागतो, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होतं. फायबरचा डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा लावा, नाहीतर मशीन चालू आणि लाइन बंद.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' चालू करून ठेवा. रात्री लाईट जाऊन आली की मशीन आपोआप उठतं, आणि डाउनलोडचं सॉफ्टवेअर स्टार्टअपला लावलेलं असेल तर काम पुढे सुरू होतं. बिलाची काळजी नको. मॉनिटर बंद करून ४० वॅटवर आठ तास चाललं तर एक तृतीयांश युनिटही होत नाही.

एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) नामांकित कंपनीचा घ्या, ४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवल्याची खूण). कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा नको. आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर नवीन डिस्क बसवायच्या आधी ते काम करा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा आणि सोबत लॅन केबलही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरपासून मशीनपर्यंतची तार तांब्याचीच असते.

पाचवी पायरी: जागा आणि हवा

मशीन समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. खारा वारा रॅमच्या टोकांवर आणि पोर्टवर चढतो. पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद करा, पंख्यांना बारीक जाळी बसवा. एका एसएमपीएसमध्ये मला मेलेली पाल सापडली होती आणि सगळा बोर्ड जळालेला होता. एनव्हीएमईवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) बसवाच. मे महिन्यात सलग लिहिताना ती तापते आणि स्वतःच वेग कमी करते.

कॅबिनेट जमिनीवर नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कसं चढलं ते आठवा. नदीकाठी किंवा सखल भागात राहत असाल तर मशीन माळ्यावर जाऊ द्या.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर दुकानातच बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. वॉरंटीसाठी पुन्हा मुंबई गाठायची वेळ येऊ शकते, आणि नंबर नसलेलं बिल तिथे कोणी हातात धरत नाही.