बँकेतल्या सवयी : कोणती न्यायची, कोणती दारातच ठेवायची

31 वर्षं मी बँकेत शेतीकर्ज पाहिलं, त्यातली बरीचशी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत. निवृत्तीनंतर नाशिकला घरी बसवेना. आता आठवड्यातले दोन दिवस गावोगावी जाऊन कर्जाने खचलेल्या माणसांजवळ बसते. ओळखीतले निवृत्त लोक विचारतात, आम्हीही समुपदेशनाचा कोर्स करू का? जरूर करा. पण आधी एक काम करा. नोकरीत लोक तुमच्याकडे काय विचारायला यायचे, ते कागदावर लिहा. नर्स असाल तर गोळ्यांचं वेळापत्रक, अंबडच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात असाल तर कामगाराचा पीएफ आणि रजा. माझ्या कागदावर एकच ओळ आली : ‘मॅडम, या नोटिशीत काय लिहिलंय?’

त्या ओळीपासूनच सुरुवात करा. एक द्राक्षबागायतदार खताच्या गोणीत सगळे कागद कोंबून घेऊन आले होते. फळासाठी करतात त्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला, डावणी हा बुरशीचा रोग आला, बाग गेली. ओट्यावर चटई टाकून आम्ही कागद पसरले. 17 निघाले. पाच पाकिटं तर फोडलेलीच नव्हती. मी त्यांनाच म्हटलं, ‘दादा, तुम्ही तारखा वाचा, मी लावते.’ तीन गठ्ठे केले : तारीख ठरलेले, थांबू शकणारे आणि तीच मागणी पुन्हा आलेले. तारीख ठरलेले दोनच होते. पहिली पाकिटं उघडताना त्यांचा हात थरथरत होता, शेवटची त्यांनी स्वतः टर्रकन फाडली. चहा घेऊन आलेल्या वहिनी तिथेच बसल्या आणि कर्जाचा आकडा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घरातल्या माणसाला आकडा कळणं हे निम्मं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

कायदा नेमका सांगता आला तर भीती उतरते. थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. वसुली एजंटाने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विनापरवाना सावकाराविरुद्ध 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पण अर्धवट धीर देऊ नका. कर्ज सहकारी पतसंस्थेचं असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघू शकतो, तो रस्ता वेगळा आहे. तेही सांगायचं.

आता सोडायच्या सवयी. या कामाच्या पहिल्या वर्षी मी एका माणसाला बसल्याबसल्या विचारलं, ‘एकूण थकबाकी किती?’ त्याने रुपयापर्यंत आकडा सांगितला, कागद उचलले आणि निघून गेला. तो माझा वसुलीचा आवाज होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आता पहिला प्रश्न झोपेचा आणि दुसरा जेवणाचा. दुसरी चूक शब्द देण्याची. एकरकमी तडजोड करून देते म्हणाले आणि प्रस्ताव नामंजूर झाला. तेव्हापासून म्हणते, ‘अर्ज लिहून देते, सोबत येते, मंजुरी माझ्या हातात नाही.’

सगळ्यात अवघड भाग घाई न करता शिका. कोणी ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी गेलो तर सुटतील सगळे’ असं बोललं, की सरळ विचारायचं : ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कुणीतरी विचारलं याचाच बहुतेकांना आधार वाटतो. मग गप्प राहा. मला बँकेत गप्प बसायची सवय नव्हती, ती लावून घ्यावी लागली. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना त्याच्यासमोर विश्वासात घ्यायचं आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून हलवायची, शेजारी किंवा भावाकडे कुलपात. तिथूनच 14416 लावायचा. ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पुढे मानसोपचारतज्ज्ञ. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात सोबत जाऊन केसपेपर काढून द्या, पहिल्या खेपेला माणूस एकटा जात नाही. आधी प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीने तो लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम 115 समजावून सांगा : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा नाही.

पैसे हातात घ्यायचे नाहीत, जामीनदार व्हायचं नाही. गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्यसेविकेला, विचारल्याशिवाय मी कोणाच्या घरी जात नाही. गाव त्यांना माहीत असतं. रात्री घरी आल्यावर माझीही झोप उडते, म्हणून महिन्यातून एकदा एका समुपदेशकाकडे मी स्वतः बोलायला जाते.

वहीत नावं लिहीत नाही, फक्त तारखा : नोटिशीची मुदत, तडजोडीची तारीख, डॉक्टरांकडे परत जायचा दिवस. त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन करायचा. छाटणीनंतर पाऊस लागला किंवा लासलगावला कांद्याचा भाव पडला, तर तारखेची वाट न बघता. त्या बागायतदारांना असाच फोन केला, तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, उद्या सोबत ही येतेय, तुम्ही फक्त सीबीएस बसस्टँडवर थांबा.’