वर्कशॉपला जाताय? आधी वायर तपासा

आमच्या कॉलेजात दिवाळीनंतर फर्स्ट इयरसाठी शनिवार-रविवारची वर्कशॉपं सुरू होतात. आयओटी, थ्रीडी प्रिंटिंग, ड्रोन, मधूनच एखादं व्यक्तिमत्त्व विकास. सगळ्यात जास्त गर्दी आयओटीला, म्हणजे वस्तू इंटरनेटला जोडायच्या वर्कशॉपला. यंदा हॉस्टेलमधल्या सहाजणींनी मला वेगवेगळं गाठून विचारलं, "ताई, काय काय न्यायचं?" सहा वेळा सांगून झालं, आता एकदाच लिहून टाकते. मागच्या वर्षी मीही हेच वर्कशॉप केलं. म्हणजे दुसरा दिवस केला. पहिला दिवस वायरीत गेला.

म्हणून सगळ्यात आधी वायर. बाकीचं नाही वाचलंत तरी एकवेळ चालेल.

वर्कशॉपात जो बोर्ड (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) देतात तो बहुतेक नोडएमसीयू असतो, ईएसपी८२६६ या वाय-फायच्या चिपवाला. त्याला लागते मायक्रो यूएसबीची वायर, जुन्या अँड्रॉइड फोनची असायची तशी. किटमध्ये वायर असेल असं मी धरून चालले होते. किटमध्ये बोर्ड, ब्रेडबोर्ड (वायरी खोचायची भोकांची पट्टी), सेन्सर, जंपर वायरी (जोडायच्या छोट्या वायरी), सगळं होतं. यूएसबीची वायर 'आपापली आणावी' असं नोटिशीत शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात होतं. आता फोन सगळ्यांचे सी टाइपचे. मग रूममेटच्या पॉवर बँकेची वायर उचलली आणि गेले. बोर्ड जोडला, निळा दिवा क्षणभर लुकलुकला, मी खूश. सरांनी सांगितलं, बोर्डचा प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरात टूल्समध्ये जाऊन पोर्ट, म्हणजे बोर्ड जिथे जोडलाय ती जागा, निवडा. माझ्याकडे पोर्टची ओळ करडीच. दाबली तरी काही होईना.

पुढचा दीड तास मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. ड्रायव्हर (लॅपटॉपला बोर्ड ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. तिन्ही यूएसबी पोर्ट बदलून पाहिले. सर येऊन बघून गेले, म्हणाले बोर्ड खराब असेल, दुसरा घे. दुसऱ्या बोर्डचं तेच. घोडं कुठं पेंड खातंय ते कुणालाच कळेना. शेवटी लॅबमधले दादा आले, माझ्याशी एक अक्षर न बोलता शेजारच्या मुलाची वायर उपसली आणि माझ्या लॅपटॉपला लावली. 'टुडुंग' असा आवाज आला. मगाशी तो आवाज आलाच नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. शेजारचा मुलगा मात्र 'अहो माझं अपलोड चालू होतं' म्हणून ओरडत होता.

कारण एवढंच. यूएसबीच्या वायरीत आत चार तारा असतात: लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी डेटाची. पॉवर बँक, ट्रिमर, स्वस्तातले इअरफोन यांच्याबरोबर येणाऱ्या कितीतरी वायरींत हिरवी-पांढरी नसतेच. वीज जाते, दिवा लागतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. बाहेरून ओळखू येत नाही. जाड वायर चांगली वगैरे काही नसतं, माझी चांगली जाडजूड होती.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मायक्रो यूएसबीचं काहीतरी शोधा: आईचा जुना फोन, कुणाचं कार्ड रीडर, काहीही. त्या वायरीनं लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपनं आवाज केला, फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला की वायर डेटाची. नुसतं चार्जिंग सुरू झालं आणि लॅपटॉपला पत्ताच नाही, तर ती वायर आजच पॉवर बँकेला परत करा. दुकानात घ्यायला गेलात तर 'मायक्रो यूएसबी द्या' एवढंच म्हणू नका, 'डेटा केबल द्या' म्हणा आणि तिथेच लावून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. काही कॉलेजांत आता सी टाइपचे बोर्ड देतात. तिथे एका टोकाला नेहमीचं चपटं यूएसबी असलेली वायर न्या. दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीवर काही स्वस्त बोर्ड चालूच होत नाहीत. आरड्युइनो ऊनो बोर्ड असेल तर प्रिंटरची चौकोनी तोंडाची वायर, आरड्युइनो नॅनो असेल तर बहुतेक मिनी यूएसबी. कोणता बोर्ड आहे ते को-ऑर्डिनेटरला आधी विचारा. विचारायला लाजू नका, मी लाजले होते.

आता लॅपटॉप. सॉफ्टवेअर घरून किंवा हॉस्टेलवरून टाकून यायचं. 'तिथे वाय-फाय आहे' यावर जाऊ नका. साठजण एकाच वेळी एकच फाइल उतरवायला लागले की त्या वाय-फायचं काय होतं ते मी पाहिलंय. आणि नुसता आरड्युइनो आयडीई, म्हणजे ते प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, टाकून भागत नाही. प्रेफरन्सेसमध्ये बोर्ड मॅनेजरची जी जागा असते तिथे ईएसपी८२६६ ची लिंक टाकायची, मग बोर्ड मॅनेजरमधून ते पॅकेज उतरवायचं. हे डाउनलोड मोठं असतं, नेमकं इथेच हॉलमध्ये सगळ्यांचं गाडं अडतं. ते झालं की बोर्डांच्या यादीतून नोडएमसीयू १.० निवडा, उदाहरणांतला ब्लिंक (दिवा लुकलुकवायचा प्रोग्राम) उघडा आणि बरोबरच्या खुणेवर टिचकी मारा. बोर्ड हातात नसला तरी कम्पाइल होतं, म्हणजे प्रोग्राम बोर्डला समजेल अशा रूपात तयार होतो. पहिल्यांदा बराच वेळ लागतो, अडकलं समजून बंद करू नका. खाली 'डन कम्पायलिंग' आलं की झालं. सेन्सर डीएचटी११ (तापमान आणि दमटपणा मोजणारा) असेल तर त्याची लायब्ररी, म्हणजे त्याच्यासाठीचा तयार कोड, हीही उतरवून ठेवा. टाकताना 'इन्स्टॉल ऑल' विचारेल, हो म्हणा, नाहीतर सोबतची दुसरी लायब्ररी राहते आणि लाल अक्षरांची रांग लागते.

ड्रायव्हर दोन प्रकारचे, सीएच३४० आणि सीपी२१०२. बोर्डवर यूएसबीच्या तोंडाजवळची चिप बघा: लांबट, दोन्ही बाजूंना पाय असलेली म्हणजे सीएच३४०, छोटी चौकोनी म्हणजे सीपी२१०२. आधी कळणार नाही, म्हणून दोन्ही टाकून ठेवा. आणि ड्रायव्हर टाकूनही पोर्ट दिसला नाही तर ड्रायव्हर परत टाकत बसू नका. वायर बदला. आधी वायर.

दादाचा ऑफिसचा लॅपटॉप आणू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं आणला होता. प्रत्येक गोष्टीला अॅडमिन पासवर्ड मागायचा, आणि त्यांच्या कंपनीनं यूएसबीच बंद करून ठेवलेलं. ती दोन दिवस माउस धरून बसली. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर तसं फॉर्ममध्येच लिहा, लॅबमधला कॉम्प्युटर मिळतो. ऐन वेळी मात्र मिळत नाही.

फॉर्मवरून आठवलं. नाव बारावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच टाका. तिथे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा उलटं. सर्टिफिकेटवर फॉर्ममधलंच नाव जसंच्या तसं छापून येतं, 'सोनू' लिहिलं तर 'सोनू'. यावर हसू नका, एकाच्या सर्टिफिकेटवर अजून आहे. फॉर्ममध्ये एबीसी आयडी (आपली क्रेडिट्स जमा होतात त्या खात्याचा नंबर) मागितला तर तो बारा आकडी नंबर डिजिलॉकरमधून मिळतो. पैसे यूपीआयनं भरलेत तर स्क्रीनशॉटमध्ये यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक) दिसतोय ना ते बघा. वर्कशॉपचे पॉइंट मिळतात का हेही ऑफिसात आधीच विचारून घ्या. एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) योजनेत नेहमीच्या विद्यार्थ्याला १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट करायचे असतात, डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांना ७५. पण कशाला किती धरतात हे प्रत्येक कॉलेजात वेगळं ऐकू येतं.

मोबाइल हॉटस्पॉट. दुसऱ्या दिवशी बोर्ड इंटरनेटला जोडायचा असतो आणि कॉलेजचं लॉगिनचं पान उघडणारं वाय-फाय त्याला जमत नाही, म्हणून सगळे फोनचं हॉटस्पॉट चालू करतात. ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं. तुमचं हॉटस्पॉट ५ वर असेल तर बोर्डला ते दिसणारच नाही आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसाल. सेटिंगमध्ये बँड बदला. आयफोनवाल्यांनी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. हॉटस्पॉटचं नाव साधं ठेवा, बदामाचे इमोजी नकोत. आयफोनच्या मूळ नावात एक वाकडा अ‍ॅपॉस्ट्रॉफी असतो, त्यानंही अडतं.

बॅग: आयकार्ड, चार्जर, पाणी, वही. डबा न्या, वर्कशॉपच्या फीमध्ये 'लंच' लिहिलेलं असलं तरी. आम्हाला एक समोसा आणि फ्रूटी मिळाली होती. एक्स्टेन्शन बोर्ड ग्रुपमध्ये एकानं तरी आणा, सेमिनार हॉलमध्ये प्लग भिंतीलाच असतात आणि भिंतीजवळच्या जागा नऊच्या आत भरतात. आणि वायर. रात्री बॅगेत टाका, सकाळी परत हात घालून बघा. एक जास्तीची असली तर तीही. शेजारचा मुलगा यंदा माझ्यासारखीच्या शेजारी बसणार आहे.

हॉलमध्ये गेल्यावर चार-चारचे ग्रुप पाडतात, एका ग्रुपला एक किट. इथे सांभाळा. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी लॅपटॉप आपल्याकडे ओढतो आणि संध्याकाळपर्यंत सोडत नाही. दुसरा वायरी जोडतो. उरलेल्या दोघी वहीत लिहितात, आणि त्या बहुतेक मुलीच असतात, कारण 'तुझं अक्षर चांगलंय'. अक्षर चांगलं असलं तरी लिहू नका. सुरुवातीलाच ठरवून टाका, प्रत्येक प्रोग्रामला लॅपटॉपवरचा माणूस बदलायचा. भांडण होणार नाही, फार तर एखादा तोंड वाकडं करेल. माझा अर्धा दिवस असा गेला म्हणून सांगते: बघून काहीही येत नाही. ब्रेडबोर्डच्या मधल्या भागात पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात हे सरांनी चित्र काढून सांगितलं, मला तेव्हा कळलं असं वाटलं; स्वतः जोडायला घेतल्यावर एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत खुपसले.

आणि प्रश्न मराठीत विचारा. बाहेरून आलेले ट्रेनर इंग्रजीत बोलतात, पहिल्या रांगेतले इंग्रजीत उत्तरं देतात, आणि मागे आपण मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतो. वाक्य जुळेपर्यंत ते पुढच्या स्लाइडवर असतात. मी दुसऱ्या दिवशी सरळ म्हटलं, "सर, दिवा लो दिल्यावर का लागतो? उलटं आहे का?" ते नगरचे निघाले. अस्सल मराठीत दहा मिनिटं समजावलं त्यांनी, आणि बाजूच्या तीन ग्रुपनी माना वळवून ऐकलं. (हो, नोडएमसीयूवरचा दिवा खरंच उलटा आहे. लो, म्हणजे बंदचा सिग्नल, दिला की लागतो; हाय, म्हणजे चालूचा, दिला की विझतो. तुमचं चुकलेलं नाही.)

डीएचटी११ जोडताना प्लस-मायनस दोनदा बघा. उलटा जोडला तर तापतो, मी बोट लावून पाहिलंय. तुमचं तापमान २८ आणि शेजाऱ्याचं ३० आलं तर वाद घालू नका, हा सेन्सर दोन अंश इकडेतिकडे दाखवतोच. एका सेकंदात एकापेक्षा जास्त वेळा विचारूही नका त्याला.

पोर्ट गेला? मध्येच दिसेनासा झाला? वायर हलली असेल. ढिली असेल तर बदला.

प्रोग्राम पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर घ्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर राहिलेला प्रोग्राम परत मिळत नाही. किट परत करताना मोजून द्या, जंपर वायर कमी भरली तर उगाच सगळ्या ग्रुपला थांबवतात.

हजेरीची सही सकाळी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा. फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट येत नाही. आलं की नाव तपासा, चुकलं असेल तर त्याच आठवड्यात सांगा. फाइलला लावा. झालं.

खोलीत माझी डेटाची वायर खिळ्याला टांगलेली आहे, टोकाला पांढरी पट्टी चिकटवून वर 'डेटा' लिहिलंय. लागली तर न्या, पण रविवारी संध्याकाळी त्याच खिळ्याला परत दिसली पाहिजे. शेजारची काळी, जाडजूड, ती नेऊ नका. ती पॉवर बँकेची आहे.