डोमेन नाव विकत घेऊन ते चालू संकेतस्थळाला कसे जोडावे

नागपुरात सीताबर्डीवर संत्रा बर्फीचे दुकान आहे आणि दुकानाचे संकेतस्थळ गूगलच्या ब्लॉगर या सेवेच्या मोफत पत्त्यावर आधीपासून चालू आहे, असे समजू. आता दुकानदाराला स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, हवे आहे. अशा वेळी बहुतेकांना वाटते की संकेतस्थळ नव्याने बनवावे लागेल किंवा दुसरीकडे हलवावे लागेल. प्रत्यक्षात संकेतस्थळ जेथे आहे तेथेच राहते. नाव ज्या कंपनीकडून घेतले, त्या रजिस्ट्रारकडे काही नोंदी भरल्या की ते नाव त्या संकेतस्थळाकडे वळते.

प्रथम नाव ठरवावे. डॉट इन किंवा डॉट कॉमच्या साध्या इंग्रजी नावात रोमन अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही, आणि दोन टिंबांमधल्या एका भागाची लांबी ६३ अक्षरांपेक्षा जास्त असू शकत नाही. खरी अडचण स्पेलिंगची असते. आपण सीताबर्डी म्हणतो, पण इंग्रजी पाट्यांवर सीताबुलडी लिहिलेले असते, आणि ‘सी’ एका आयने लिहायचा की दोन ईंनी, यावरही एकमत नसते. म्हणून ठरवलेले नाव एखाद्या गिऱ्हाइकाला फोनवरून सांगून पाहावे आणि अक्षरे फोडून सांगावी लागली तर ते सोडून द्यावे. डॉट इन नावांची व्यवस्था निक्सी ही भारतीय संस्था पाहते, आणि स्थानिक धंद्याला ते डॉट कॉमइतकेच शोभते. देवनागरीत डॉट भारत २०१४ पासून मिळते, परंतु त्यावरील ईमेल सगळीकडे नीट चालेल याची खात्री नसल्याने ते जोडीला घ्यावे, त्यावर विसंबू नये.

खरेदी करताना पहिल्या वर्षाच्या ठळक दराला भुलू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात असतो आणि तो बराच जास्त असू शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदणी करता येते. पैसे भरण्याच्या पानावर ईमेल, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा), सुरक्षा अशा जोडवस्तूंवर आधीच खूण केलेली असल्यास ती काढून टाकावी. संकेतस्थळ आधीच असलेल्या माणसाला त्यांतील बहुतेक गोष्टी लागत नाहीत.

नाव कोणाच्या खात्यात आहे, याकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. ‘आम्हीच घेऊन देतो’ असे संकेतस्थळ बनवणारा म्हणतो आणि मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. पुढे तो माणूस पुण्याला निघून गेला किंवा फोन उचलेनासा झाला, की नूतनीकरणही अडते आणि बदलही अडतो. त्याची मदत जरूर घ्यावी, पण रजिस्ट्रारकडील खाते मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवरच उघडावे, मालक म्हणून स्वतःचे नाव नोंदवावे आणि दुहेरी पडताळणी चालू करावी. हा ईमेल नव्या डोमेनवरचा नसावा, कारण डोमेन बंद पडले तर त्याबद्दलचा इशाराही पोहोचणार नाही. डॉट कॉमसारख्या नावांसाठी खरेदीनंतर पडताळणीचा ईमेल येतो; त्यातील दुव्यावर १५ दिवसांत क्लिक न केल्यास नाव स्थगित होऊ शकते.

आता जोडणी. रजिस्ट्रारच्या खात्यात डीएनएस (नाव कोठे वळवायचे ते सांगणाऱ्या नोंदींची यंत्रणा) व्यवस्थापनाचे पान उघडावे. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी जेथे ठेवल्या जातात तो सर्व्हर, बदलण्याचा सल्लाही काही जण देतात, पण तसे केल्यास सर्व नोंदींचा ताबा दुसऱ्या कंपनीकडे जातो, आणि त्या नावावर ईमेल चालू असेल व त्याच्या एमएक्स नोंदी (ईमेल कोठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या) नव्या ठिकाणी उतरवायच्या राहिल्या, तर ईमेल बंद पडतो. साध्या दुकानासाठी नेमसर्व्हर तसेच ठेवून फक्त नोंदी बदलणे बरे.

नोंदी मुख्यतः दोन प्रकारच्या लागतात. ए नोंद नावाला थेट आयपी पत्त्याशी, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्याशी, जोडते, तर सीनेम नोंद एका नावाला दुसऱ्या नावाशी जोडते. तीन डब्ल्यू नसलेल्या मूळ नावावर सीनेम चालत नाही. तेथे ए नोंदच द्यावी लागते. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम डोमेन’ येथे तीन डब्ल्यूंसह पूर्ण पत्ता भरला की प्रथम त्रुटीचा संदेश दिसतो, पण घाबरू नये, कारण त्यातच दोन सीनेम नोंदी दिलेल्या असतात. पहिलीत नावाच्या रकान्यात फक्त तीन डब्ल्यू आणि समोर जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम लिहावे; दुसरी प्रत्येक ब्लॉगसाठी वेगळी असते, ती अक्षरशः जशीच्या तशी चिकटवावी. नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिले तर अनेक पॅनेल (नोंदी भरण्याची पाने) ते पुन्हा शेवटी जोडतात आणि नाव दुप्पट होते. नोंद चुकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. रजिस्ट्रारने आधीच टाकलेल्या जाहिरातीच्या पानाच्या ए आणि सीनेम नोंदीही काढाव्यात.

संकेतस्थळ स्वतःच्या होस्टिंगवर असेल, तर तेथील आयपी पत्ता घेऊन ए नोंद करावी, परंतु होस्टिंगच्या पॅनेलमध्येही ते डोमेन जोडावे, नाहीतर सर्व्हरला आलेला पाहुणा कोणाकडचा हे कळत नाही आणि भलतेच पान उघडते.

नोंद जतन केल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन दिवसांपर्यंत वाट पाहावी, कारण जुने उत्तर टीटीएलची, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचे त्या आकड्याची, मुदत संपेपर्यंत ठिकठिकाणी साठवलेले राहते. टीटीएल ३६०० म्हणजे एक तास. घरच्या वायफायवर जुने पान आणि मोबाइल डेटावर नवे दिसत असेल, तर काम झालेले आहे. त्यानंतर ब्लॉगरमध्ये तोच पत्ता पुन्हा भरून जतन करावा, आणि मूळ नावाकडून तीन डब्ल्यूंकडे वळवण्याची सोय आणि एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) चालू करावे. वळवण्यासाठी मूळ नावाला गूगलने दिलेल्या चार ए नोंदी लागतात, त्या मदतपानावरून घ्याव्यात.

बर्फीच्या डब्यांवर जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड छापलेला असला, तरी डबे फेकण्याची गरज नाही. ब्लॉगर जुन्या पत्त्यावर आलेल्यांना आपोआप नव्या पत्त्यावर नेतो. नवे डबे छापताना मात्र आधी नूतनीकरणाची तारीख पाहून स्वयंचलित नूतनीकरण चालू करावे, कारण मुदत संपून नाव परत मिळवण्याच्या टप्प्यात गेले, तर डॉट कॉमसाठी ३० दिवसांची मुदत आणि मोठा दंड अशी गाठ पडते.