घरी बनवलेला इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं तापमान दाखवतोय? आधी हे बघा

आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि एमएलएक्स ९०६१४ सेन्सर (वस्तूला न टेकता तिच्या इन्फ्रारेड किरणांवरून तापमान मोजणारा), एवढ्यावर काम होतं. सेन्सरची एसडीए (डेटाची) पिन बोर्डाच्या ए४ ला, एससीएल (क्लॉकची) पिन ए५ ला, सेन्सरची लायब्ररी (तयार कोड) टाकली की आकडे यायला लागतात, फक्त मॉड्यूल (छोट्या पट्टीवर बसवलेला सेन्सर) न घेता सुट्टा सेन्सर घेतलात तर तो ३ व्होल्टचा आहे का ५ चा ते बघूनच जोडा.

खरी गडबड मोजताना होते. साध्या मॉड्यूलवरचा सेन्सर ९० अंशाच्या कोनात बघतो, म्हणजे ५ सेंटीमीटर लांबून धरला की १० सेंटीमीटरच्या गोलाची सरासरी देतो. निफाडकडे थंडीत पहाटे द्राक्षाच्या पानाचं तापमान बघायचं असेल (निरभ्र रात्री पान हवेपेक्षाही गार होतं, म्हणून तर हे मोजायचं) तर पान अगदी २ सेंटीमीटरवर घ्या, नाहीतर मागची मातीच मोजली जाते.

दुसरं, चकचकीत स्टील. पातेल्यात पाणी उकळत असतं आणि बाहेरून आकडा येतो भलताच कमी, कारण चकाकी आजूबाजूचीच उष्णता परावर्तित करते. कोमट भांड्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजून बघा, फरक लगेच कळेल.

तपासायला वाटीत बर्फाचा चुरा नि पाणी ढवळा, वरून मोजा, शून्याच्या आसपास आलं पाहिजे. उकळत्या पाण्यावर नको, वाफ सेन्सरच्या तोंडावर बसते आणि नाशिक समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे इथं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. आणि हो, सेन्सर गारठ्यातून घरात आणला की १० मिनिटं तसाच ठेवा, मगच मोजा.